हुकमाचा कान आणि संवादाचा कान

आपल्या पोरापोरींची एक तक्रार नेहमीची आहे. पुस्तकातलं इंग्रजी कळतं. पेपरात पास होण्यापुरते मार्क पडतात. डिक्शनरी घेऊन बसलं तर कायद्याचं कलमसुद्धा उलगडतं. पण समोरचा माणूस इंग्रजीत बोलायला लागला की सगळं मुसळ केरात. त्याचं तेच वाक्य कागदावर लिहून दाखवलं तर पोरगं म्हणतं, 'अरे, हे तर मला येतं!' मग ऐकताना ते येणं कुठं गेलं होतं?

याला लोकांचं उत्तर ठरलेलं आहे : सराव नाही. उत्तर खरं आहे, पण अर्धं. सराव कुणाला नाही, का नाही, आणि करायचा तो कशासाठी, हे प्रश्न त्या उत्तरात गिळले जातात. ऐकणं ही जशी कानाची गोष्ट आहे तशी ती न्यायाचीही आहे. बोलणं कळण्याची जबाबदारी कुणाची? ऐकणाऱ्याची की बोलणाऱ्याची? आपल्या देशात तरी हा प्रश्न आधी विचारल्याशिवाय इंग्रजीच्या पुस्तकाला हात घालता येत नाही.

इथल्या व्यवस्थेनं आपल्या सर्वोच्च ज्ञानाला 'श्रुती' म्हटलं. श्रुती म्हणजे ऐकलेलं. आणि मग ऐकण्यावरच पहारा बसवला. मुद्दाम वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू आणि लाख ओतावी, अशी शिक्षा गौतम धर्मसूत्रात सांगितली आहे. शूद्राची ही गत, तर गावकुसाबाहेरच्याचं काय बोलावं? शतकं उलटली, राज्यं बदलली, तरी भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही. त्याला फारसी घ्यावी लागली. पहारेकरी बदलले होते, पहारा तोच होता.

पण म्हणून आपला कान रिकामा होता असं नाही. उलट गावात सगळ्यात जास्त कामाला जुंपलेला कान आपलाच. तराळ-वेसकरानं पाटलाचा सांगावा ऐकायचा, तो पोचवायचा, मौतीची खबर घेऊन उन्हातान्हात दुसऱ्या गावाला पळायचं. १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं कागदावरून गेली. पण वतनानं जो कान घडवला तो कायद्यानं जात नसतो. त्याला मी हुकमाचा कान म्हणतो.

हुकमाच्या कानाला फार ऐकावं लागत नाही. एक क्रियापद पुरतं. 'चल', 'उचल', 'फोड', 'हो बाजूला'. उरलेलं मालकाच्या भुवईवरून ओळखायचं, नाहीतर पाठीवर ओळखायचं. आणि कळो न कळो, उत्तर एकच : 'जी मायबाप.'

संवादाचा कान वेगळा. संवादात माणूस बरोबरीनं बसलेला असतो. त्याला नुसता हुकूम कळून भागत नाही. थट्टा कळावी लागते, टोमणा कळावा लागतो, अर्धवट सोडलेलं वाक्य कळावं लागतं. आणि मुख्य म्हणजे त्याला मध्येच हात वर करून 'थांबा, पुन्हा सांगा' म्हणता यावं लागतं. हुकमाच्या कानाला हा हक्क नाही.

आता विचारा, आपण इंग्रजीसाठी कुठला कान तयार करतोय? गल्लोगल्ली इंग्लिश स्पीकिंगचे क्लास निघाले. त्यातल्या बहुतेकांत पहिल्या दिवसापासून काय घोटून घेतात? 'येस सर', 'शुअर सर', 'मे आय हेल्प यू सर'. म्हणजे भाषा बदलली, जोहार तोच. सायबाचा हुकूम इंग्रजीत कळावा एवढ्यासाठी इंग्रजी शिकायचं असेल तर ते जुन्याच वतनाला नवी झूल घालणं आहे.

सावित्रीबाईंनी १८५४ साली 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजीला माऊली म्हटलं, ते या अर्थानं नाही. त्यांना इंग्रजी हवी होती ती पहारा फोडायला. २०१० साली उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावी चंद्रभान प्रसाद यांनी इंग्रजी देवीच्या देवळाचा घाट घातला. मूर्तीच्या हातात लेखणी, पायाखाली कॉम्प्युटर. त्यामागची तळमळ खोटी नव्हती. इंग्रजी नाकारली जाते ती गरिबालाच, हे त्यांना दाखवायचं होतं. पण मला त्या मूर्तीबद्दल एक शंका आहे. देवी डोळ्यांनी बघायची असते, तिच्यापुढं हात जोडायचे असतात. भाषा मात्र कानानं घ्यायची असते आणि तिच्याशी हुज्जत घालायची असते. आपण १९५६ साली देव सोडले. आता भाषेला देव करू नये.

आता त्या मूळ तक्रारीकडे. शब्द माहीत असून ऐकताना का कळत नाही?

कारण आपण इंग्रजी डोळ्यानं शिकलो. छापील ओळीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. तोंडच्या भाषेत ती नसते. 'व्हॉट आर यू गोइंग टु डू' हे सहा शब्द आपण सुटे सुटे पाठ केलेत. बोलणारा म्हणतो, 'वॉचा गना डू'. 'आय शुड हॅव टोल्ड हिम' याचं होतं 'आय शुडव टोल्डिम'. अमेरिकन माणसाचं 'वॉटर' आपल्या कानाला 'वॉडर' लागतं, 'ट्वेंटी'चं 'ट्वेनी' होतं. इंग्रजीत सगळ्या शब्दांना सारखं वजन नसतं. कामाच्या शब्दावर जोर देतात, बारक्या शब्दांना चुरगाळून टाकतात. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. म्हणून आपला कान प्रत्येक अक्षराची वाट बघत बसतो, आणि तोवर वाक्य पुढच्या स्टॉपला गेलेलं असतं.

एक उदाहरण तर पोटापाण्याशी बांधलेलं आहे. 'कॅन' आणि 'कान्ट'. एक होकार, एक नकार. अमेरिकेत 'कान्ट'चा उच्चार 'कॅन्ट' होतो आणि त्यातला शेवटचा 'ट' पुष्कळदा ऐकूच येत नाही. मग ओळखायचं कसं? जोरावरून. 'आय कन डू इट' असं 'कन' घाईत पुसट झालं तर ते जमणार आहे. 'कॅन' ठसठशीत आलं आणि त्यावरच जोर पडला, तर बहुधा ते 'जमणार नाही' आहे. तसंच 'फिफ्टी' आणि 'फिफ्टीन'. पन्नासचा जोर आधी पडतो, पंधराचा बहुधा शेवटी. मजुरी ठरवताना, भाडं ठरवताना हा फरक कानाला कळला नाही तर खिशाला कळतो.

यात अडाणीपणा नाही. उलट ही गोष्ट आपल्याला सगळ्यात आधी कळायला हवी. कारण आपल्या बोलीबद्दल आपण जन्मभर काय ऐकलं? 'न'चा 'ण' नाही, 'आनी-पानी' करतो, अक्षरं खातो, अशुद्ध बोलतो. 'येतो आहे'चं 'येतोय' करणारा गुरुजी शुद्ध, आणि 'जाऊन राहिला आहे'चं 'जाऊन राह्यला' करणारं पोरगं अशुद्ध. आता बघा, खुद्द लंडनचा माणूसही अक्षरं खातो. त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही. त्याच्या खाण्याला 'ॲक्सेंट' म्हणतात! तेव्हा भाषा म्हणजे छापील ओळ नव्हे, भाषा म्हणजे माणसाचं तोंड, हा धडा आपल्याच घरातला आहे. पण मराठीच्या तासाला जी भीती अंगात भरली ती आपण इंग्रजीच्या तासाला घेऊन जातो. शुद्ध इंग्रजी धुंडाळत बसतो. आणि तसं शुद्ध इंग्रजी रस्त्यावर कुणी बोलतच नसतं.

आता गुणवत्तेची गोष्ट. ज्याच्या घरी आई-बाप, मामा-मावशी, टीव्ही, टेलिफोन सगळं इंग्रजीत चालतं, त्या पोराच्या कानात शाळेत जाण्याआधीच हजारो तास इंग्रजी पडलेलं असतं. महाराष्ट्रात मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. आणि आली तरी ती फळ्यावर आली, कानात नाही. पुढं ही दोन्ही पोरं एकाच मुलाखतीत समोरासमोर बसतात. एक हसत उत्तर देतो. दुसरा प्रश्नच पकडायला धडपडतो. निकाल लागतो : पहिला हुशार, दुसरा मठ्ठ. मोजले गेले होते कानाचे तास, नाव दिलं गुणवत्ता. परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांना आयईएलटीएस नावाची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात ऐकण्याचे चाळीस प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. 'पुन्हा' म्हणायची सोय नाही. परीक्षेचं ठीक आहे. पण आयुष्य म्हणजे अशी एकदाच वाजणारी फीत आहे असं मानून आपली पोरं गप्प बसतात, हे ठीक नाही.

सगळ्यात घातक आहे ती आपली मान. कळलं नाही तरी हलते. समोरचा बोलतो, आपण हसतो, मान डोलावतो, 'येस, येस' म्हणतो. वाटतं अब्रू वाचली. पण न कळता दिलेला होकार म्हणजे कोऱ्या कागदावर उठवलेला अंगठाच. आपल्या आज्या-पणज्यांचे अंगठे सावकाराच्या वहीत असेच उठले. त्यांचा नाइलाज होता. आपण सही करायला शिकलो, पण मान अजून अंगठाच उठवते.

म्हणून मी म्हणतो, 'पुन्हा सांगा' हे इंग्रजीत शिकायचं पहिलं वाक्य. तेसुद्धा लाचारीनं नाही. 'सॉरी सर, माझं इंग्लिश वीक आहे' हे शेपूट त्याला जोडायचं नाही. सरळ म्हणायचं, 'मला शेवटचं कळलं नाही. जरा सावकाश सांगा.' दोन माणसांमध्ये बोलणं कळलं नाही तर ती दोघांची अडचण असते. एकट्याचा गुन्हा नसतो.

इथं बुद्धाची आठवण होते. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी त्याला सुचवलं की धम्मवचनं वेदांच्या छंदस भाषेत बांधावीत, म्हणजे ती बिघडणार नाहीत. बुद्धानं ते नाकारलं. लोकांच्या आपल्या बोलीत धम्म शिकू द्या, असा त्याचा कौल पडला. याचा अर्थ मी असा लावतो की कळण्याचं निम्मं ओझं त्यानं बोलणाऱ्याच्या खांद्यावर ठेवलं. आणि ऐकणाऱ्यालाही सोडलं नाही. केवळ कानावर आलं म्हणून खरं मानू नका, हे त्यानं कालामांना बजावलं. नीट ऐका, आणि ऐकल्यावर तपासा. संवादाचा कान म्हणजे हाच.

उरलं निम्मं ओझं, ते मात्र आपलं. ते उचलायला क्लासची फी लागत नाही. पूर्वी रेडिओ होता. व्हॉइस ऑफ अमेरिकेनं १९५९ साली सुमारे दीड हजार शब्दांत आणि सावकाश वेगात इंग्रजी बातम्या द्यायला सुरुवात केली. बीबीसीचे इंग्रजीचे धडे तर त्याही आधीपासूनचे. आज मजुराच्या पोराच्या हातातही फोन आहे. ज्या कानात धातू ओतायचा होता त्या कानात इअरफोन घालून बसता येतं.

रीत साधी आहे. दोन माणसांच्या साध्या गप्पांचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या, ज्याचा मजकूर लिहिलेला मिळेल असा. आधी मजकूर न बघता ऐका. पाच वेळा, दहा वेळा. जे ऐकू येतं ते लिहून काढा. शाळेतलं श्रुतलेखनच हे. मग मजकुराशी ताडून बघा. जिथं जागा मोकळी राहिली तिथं कुठला शब्द चुरगाळला होता ते बघा, आणि तसाच चुरगाळून तोंडानं म्हणा. जे तोंडाला येतं ते कानाला लवकर सापडतं. मग बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, त्याच्या चालीनं बोलत जा. चित्रपट बघताना खाली अक्षरं हवीच असली तर इंग्रजी ठेवा. मराठी-हिंदी ठेवलीत तर डोळा वाचतो आणि कान झोपतो. वेग कमी करून ऐकायची सोय फोनवर आहे, ती काठीसारखी वापरा, पण जन्मभर काठी धरू नका. रोज वीस मिनिटं ऐका. महिन्यातून एकदा पाच तास बसून उपयोग नाही. आणि एकट्यानं करू नका. विहारात चार जण जमा, एकच तुकडा ऐका, कुणाला काय ऐकू आलं ते मांडा. एकाची मोकळी जागा दुसऱ्याच्या कानात भरलेली असते.

सगळं कळलं पाहिजे हा हट्टही सोडा. आईच्या भाषेतसुद्धा आपण प्रत्येक शब्द ऐकत नाही. जोराचे शब्द धरतो, बाकीचं अंदाजानं भरतो. आणि फक्त गोऱ्याचं इंग्रजी ऐकू नका. नायजेरियाचं ऐका, जमैकाचं ऐका, मद्रासी माणसाचं ऐका. ही भाषा आता कुणा एकाच्या ओसरीवर बांधलेली नाही. त्यांच्यासारखं बोलणं हे आपलं काम नाही. त्यांचं बोलणं पकडणं आणि आपलं त्यांना ऐकायला लावणं, हे काम आहे.

कारण ज्याला कधीच कान द्यावा लागला नाही तो या देशात मोठा ठरत आला. तो बोलायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. आपल्याला तसं मोठं व्हायचं नाही. आपण ऐकणार. थट्टा ऐकू, करार ऐकू, त्यातली बारीक अक्षरं ऐकू. नाही कळलं तर विचारू. आणि कळलं, पण पटलं नाही, तर मान हलवू. पण आडवी.