दुसऱ्याचें दुःख सांगण्याचा अधिकार

आमच्या मंडळ्यांत एक चांगली चाल आहे. प्रार्थनासभेच्या शेवटीं पाळक किंवा उपदेशक विचारतो, "कोणासाठीं प्रार्थना करावयाची आहे काय?" मग कोणी आजारी मुलाचें नांव सांगतो, कोणी कर्जांत सांपडलेल्या भावाचें. ह्या चालीनें पुष्कळांस धीर मिळाला आहे. परंतु हीच चाल पाळीत असतां माझ्या हातून एका बाईचें मोठें नुकसान झालें, आणि तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांतून गेलेला नाहीं. दुसऱ्याचें दुःख चारचौघांत सांगण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? ह्या प्रश्नाचा विचार वाचकांनींही करावा म्हणून ही हकीकत लिहीत आहें. ती त्या बाईच्या परवानगीनें लिहिली आहे, आणि तिची ओळख पटूं नये म्हणून कांहीं गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत.

हडपसर हें एके काळीं पुण्याच्या पूर्वेस, सोलापूर रस्त्यावर, मळ्यांचें व भाजीपाल्याचें गांव होतें. आतां तें पुणें शहरांत सामील झालें असून कारखाने व संगणकाच्या मोठमोठ्या कचेऱ्या तेथें झाल्या आहेत. कामधंद्यासाठीं बाहेरगांवाहून आलेलीं कुटुंबें भाड्याच्या खोल्यांत राहतात. अशाच एका खोलींत राहणारी एक विधवा आमच्या उपासनेस येत असे. नवऱ्याच्या शेवटच्या आजारांत तिचीही रक्ततपासणी झाली होती व तिलाही एचआयव्हीची बाधा असल्याचें कळलें होतें. हें तिनें मला सांगितलें व शेवटीं म्हणाली, "पाळकसाहेब, हें तुमच्यापाशींच असूं द्या." मीं मान हलविली.

पुढें तिची प्रकृति खालावली. तेव्हां बुधवारच्या सभेंत मीं तिचें नांव घेऊन, आजाराचा उल्लेख करून, मोठ्या कळकळीनें प्रार्थना केली. ती स्वतः मागच्या रांगेंत बसली होती. माझा हेतु शुद्ध होता. परंतु हेतु शुद्ध असला म्हणजे कृत्य निर्दोष ठरतें असें नाहीं. पंधरा दिवसांच्या आंत खोलीमालकानें तिला खोली सोडावयास सांगितलें. नळावर बायका आपल्या घागरी तिच्या घागरीपासून दूर ठेवूं लागल्या. तिच्या मुलाला शेजारच्या मुलांनीं खेळांतून वगळलें. तिनें उपासनेस येणें सोडलें, आणि ह्याहून वाईट म्हणजे औषध घेणेंही सोडलें.

ही शेवटची गोष्ट मला प्रथम समजली नाहीं. भारतांत हा विषाणु प्रथम आढळला तो १९८६ सालीं, चेन्नई येथें. त्यानंतर बरींच वर्षें त्यावरील औषध गरिबांच्या आवाक्याबाहेर होतें. परंतु ता. १ एप्रिल २००४ पासून सरकारनें तें मोफत देण्यास आरंभ केला, आणि आज पुण्याच्या ससून रुग्णालयांत व जिल्ह्याजिल्ह्यांतील एआरटी केंद्रांत तें मिळतें. हें औषध विषाणूस समूळ काढीत नाहीं. पण रोज नियमानें घेतल्यास तें त्यास दाबून ठेवतें, व मनुष्य कामधंदा करून दीर्घकाळ जगतो. शिवाय २०११ सालीं नऊ देशांतील १७६३ जोडप्यांच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांत भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सहभागी होती. ह्या जोडप्यांत एकास बाधा होती व दुसऱ्यास नव्हती. बाधा असलेल्यास लवकर औषध सुरू केल्यानें त्याच्यापासून जोडीदारास बाधा होण्याचें प्रमाण ९६ टक्क्यांनीं घटलें. पुढील अभ्यासांनीं असेंही दाखविलें कीं, औषधानें ज्याच्या रक्तांतील विषाणु तपासणींत सांपडण्याइतकाही उरत नाहीं, त्याच्यापासून शरीरसंबंधानेंही बाधा होत नाहीं. घागरीनें, ताटानें, एका बाकावर बसल्यानें किंवा प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्यानें तर ती कधींच होत नव्हती.

मग जें औषध फुकट मिळतें व प्राण वांचवितें, तें ह्या बाईनें कां टाकलें? ह्याचें उत्तर तिनेंच पुष्कळ दिवसांनीं मला दिलें. ती म्हणाली, "गोळी हातांत घेतली कीं तपासणीचा तो कागद डोळ्यांपुढें येई, आणि मग त्या बुधवारीं सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या त्या दिसत. छातींत धडधड होई. गोळी ठेवून दिली म्हणजे बरें वाटे."

वैद्य लोक ह्यास मनावरील आघात म्हणतात. १९८० सालीं अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघानें ह्या विकारास आपल्या ग्रंथांत स्वतंत्र स्थान दिलें; व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेल्या शिपायांचे हाल हें त्याचें एक मोठें कारण होतें. ह्या विकारांत झालेली गोष्ट झाली अशी वाटतच नाहीं. ती आतां, ह्या क्षणीं, पुन्हां होत आहे असें वाटतें. झोपेंत ती दिसते, जागेपणीं अंग दचकतें, आणि जें जें तिची आठवण देईल तें तें मनुष्य टाळूं लागतो. शिपायाचें युद्ध निदान संपलेलें असतें. परंतु ज्याचा रोग जन्मभराचा आहे, त्याला रोजची गोळी हीच रोजची आठवण होते. म्हणून त्या बाईनें गोळी टाकली तेव्हां तिला आठवण टाकावयाची होती. आम्हांस तो आळस किंवा अविश्वास वाटला, आणि आम्हीं तिला धीर धरण्याचा उपदेश केला. जखमेंत कांटा तसाच ठेवून वरून पट्टी बांधावी, तसें तें झालें.

पुढें केंद्रावरील एका समुपदेशक बाईंनीं तिचा माग काढला व एका मानसोपचारतज्ज्ञाकडून तिच्यावर उपचार करविले. त्या उपचाराची रीति उपदेशकांनीं समजून घेण्यासारखी आहे. ज्युडिथ हर्मन नांवाच्या अमेरिकन डॉक्टर बाईंनीं १९९२ सालच्या आपल्या पुस्तकांत तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पायरी सुरक्षिततेची. डोक्यावर छप्पर, रात्रीची झोप, सावकाश श्वास घेण्याची संवय, आणि विश्वासाचें एक तरी माणूस. ह्या बाईला प्रथम तिच्या बहिणीजवळ खोली मिळाली. पहिल्या कित्येक भेटींत तिला कांहींच विचारण्यांत आलें नाहीं. दुसरी पायरी सांगण्याची. जें झालें तें थोडें थोडें सांगावयाचें. भीति दाटली कीं थांबावयाचें, पाय जमिनीवर टेकून आपण आज कोठें आहों हें पाहावयाचें, आणि मग जमेल तेवढें पुढें जावयाचें. असें पुनःपुन्हां केल्यानें तो दिवस मागें पडला हें मनास पटूं लागतें. तिसरी पायरी म्हणजे माणसांत परत येणें. तिच्याप्रमाणेंच बाधा असलेल्या स्त्रियांच्या एका बैठकीस ती जाऊं लागली. कांहीं महिन्यांनीं औषध पुन्हां नियमानें सुरू झालें.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ह्या उपचारांत सांगणें हेंच मोठें औषध आहे. आणि आमच्या सभेंत जें झालें तेंही सांगणेंच होतें. मग एका सांगण्यानें जखम झाली व दुसऱ्यानें ती भरली, हें कसें? भेद इतकाच कीं, पहिल्या वेळीं मीं सांगितलें. दुसऱ्या वेळीं तिनें सांगितलें, आपण निवडलेल्या माणसाजवळ, आपल्या चालीनें, आणि पाहिजे तेव्हां थांबण्याची मोकळीक ठेवून. ज्याला आघात झाला त्याच्या हातांत त्या वेळीं कांहींच उरलेलें नव्हतें. आपली हकीकत केव्हां, कोणास व किती सांगावी, एवढें तरी त्याच्या हातांत परत देणें हा उपचाराचा गाभा आहे. तेंच आपण हिसकावून घेतलें तर हेतु कितीही चांगला असो, आघात दुसऱ्यांदा होतो. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१३ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत, आघातानंतर लागलीच मनुष्यास बसवून सर्व हकीकत वदवून घेण्याची रीति वापरूं नये असें सांगितलें आहे.

कोणी म्हणेल, लपविणें हें असत्य नव्हे काय? ख्रिस्ती मनुष्यानें उजेडांत चालावें असें आपण शिकवितों. ह्यास उत्तर असें कीं, खोटें बोलणें निराळें आणि सर्वांस सर्व न सांगणें निराळें. आपल्या घरांत काय शिजलें हें आपण वेशीवर सांगत नाहीं, म्हणून आपण लबाड ठरत नाहीं. दुसरा कोणी म्हणेल, इतरांच्या रक्षणासाठीं तरी कळावयास नको काय? जोडीदाराच्या बाबतींत हा प्रश्न खरा आहे. एचआयव्ही व एड्स अधिनियम, २०१७, हा ता. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला. बाधा दुसऱ्यास होऊं नये म्हणून योग्य ती काळजी घेणें हें बाधा असलेल्याचें कर्तव्य आहे असें तो सांगतो. आणि जोडीदारास खरोखर धोका असल्यास त्याला कळविण्याचा मार्ग डॉक्टर व समुपदेशक ह्यांच्या हातीं ठेवतो. तें काम पाळकाचें नाहीं, शेजाऱ्याचें तर नाहींच. एरवीं न्यायालयाच्या हुकुमावांचून कोणासही आपली बाधा उघड करण्यास भाग पाडतां येत नाहीं. नळावरच्या बायकांस व खोलीमालकास तिच्यापासून कसलाच धोका नव्हता. म्हणून त्यांना जाणण्याचा अधिकारही नव्हता.

तिसरा आक्षेप शास्त्रांतला आहे, व तो अधिक कठीण आहे. बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली ती बाई गुपचुप आली असतां प्रभूनें तिला गर्दींत उभें करून बोलावयास लाविलें नाहीं काय? होय, लाविलें. परंतु ती तेव्हां बरी झालेली होती, ती स्वतःच्या तोंडानें बोलली, आणि प्रभूनें तिला सर्वांदेखत कन्या म्हणून आपलेंसें केलें. तिच्या बोलण्यानें तिला समाजांत जागा परत मिळाली. माझ्या बोलण्यानें त्या बाईची खोली गेली. आणि कुष्ठ्यास शुद्ध केल्यावर हें कोणास सांगूं नको अशी ताकीदही त्याच प्रभूनें दिली. तेव्हां सांगावें कीं न सांगावें ह्याचा एकच नियम शुभवर्तमानांत नाहीं. ह्या मनुष्याचें ह्यानें भलें होईल काय, हा एकच प्रश्न तेथें सर्वत्र विचारलेला दिसतो.

ईयोबाच्या मित्रांचेंही तसेंच. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. ते कारण शोधूं लागले आणि बिघडलें. आमच्या गांवांतही एचआयव्हीचें नांव निघालें कीं पहिला प्रश्न येतो, "हें कोठून आलें?" जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनींही असेंच विचारलें होतें, व प्रभूनें तो प्रश्न बाजूस सारला. आपणही तो सारावा.

मी तिची क्षमा मागावयास गेलों तेव्हां ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुम्हीं माझ्यासाठीं देवाशीं बोललां, हें वाईट नव्हतें. पण देवाला ऐकूं यावें म्हणून मोठ्यानें बोलावें लागतें काय?" ती आतां बरी आहे, कामावर जाते, मुलगा शाळेंत आहे. आमच्या सभेस मात्र ती परत आली नाहीं. दुसरीकडे उपासनेस जाते. मीं तिला बोलावलें नाहीं. ती निवड तिची आहे.

गांवोगांवच्या उपदेशक बंधूंस माझी विनंति आहे. कोणी आपलें दुःख तुमच्याजवळ ठेवील तर तें ठेव म्हणून सांभाळा. पत्नीसही सांगूं नका. सभेंत प्रार्थना करावयाची असेल तर आधीं त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर घरीं करा. रोग कसा जडला हें विचारूं नका. औषध सोडलें असें कळलें तर रागावूं नका. गोळी घेतांना मनांत काय येतें हें हळूच विचारा, आणि उत्तर आलें नाहीं तर थांबा. मनाची जखम उघडून धुण्याचें काम आपलें नव्हे. त्यासाठीं शिकलेलीं माणसें आहेत. एचआयव्हीविषयीं सरकारचा १०९७ हा मोफत दूरध्वनि आहे, आणि मनाच्या दुखण्यासाठीं २०२२ सालीं सुरू झालेला १४४१६. एआरटी केंद्रांतही समुपदेशक असतात. रोग्याची इच्छा असेल तर तेथपर्यंत त्याच्याबरोबर जा व बाहेर बाकावर बसून राहा. आंत काय बोलणें झालें तें परत येतांना विचारूं नका.

आमच्या सभेंत आजही तो प्रश्न विचारला जातो. मात्र आतां पुष्कळ जण नांव न घेतां "एका बहिणीसाठीं" किंवा "एका घरासाठीं" एवढेंच सांगतात, आणि आम्ही तेवढ्यावर प्रार्थना करतों.