आधी त्याच्याकडे जा

आजचं वाचन: मत्तय १८:१५-१७



मागच्या महिन्यात क्वायरच्या प्रॅक्टिसला एका भावाने मला सगळ्यांसमोर फटकारलं. खूप लागलं मनाला. पण त्याला मी काहीच बोलले नाही. घरी येऊन एका मैत्रिणीला फोन केला, मग दुसरीला. दोन्ही वेळा शेवटी तेच वाक्य: "त्याच्यासाठी प्रार्थना कर हं." चुगलीला मी प्रार्थनेचं नाव दिलं होतं.

या उताऱ्यात प्रभू येशू क्रम घालून देतो. आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोल. नाहीच ऐकलं तर एक-दोघांना सोबत घे. तरीही नाही, तर मंडळीला सांग. मी पहिली पायरीच गाळली होती.

हा उतारा कुठे येतो तेही बघा. त्याच्या अगदी आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे. थोडं पुढे पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू? म्हणजे मेंढपाळ जसा शोधायला निघतो, तसंच आपण निघायचं. दोषी कोण हे सिद्ध झालं आणि भाऊ मात्र गमावला, तर काय मिळवलं?

मग सगळं घरातल्या घरात झाकायचं का? नाही. तिसरी पायरी मंडळीला सांगण्याचीच आहे. आपसातल्या व्यवहारांसाठी एकमेकांना कोर्टात खेचणाऱ्या करिंथकरांना पौल रागावला (१ करिंथ ६:१-८). पण जिवावर बेतलं तेव्हा त्याच पौलाने कैसराकडे दाद मागितली (प्रेषित २५:११). कुणावर अत्याचार झाला असेल, तर त्याला गप्प बसवायला हे वचन वापरू नका.

रविवारी उपासनेनंतर मी त्या भावाकडे गेले. तो म्हणाला, "चुकलंच माझं. पण ताई, मलाच आधी का नाही सांगितलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग दोघी मैत्रिणींना फोन करून माझी चूक कबूल केली. ते जास्त जड गेलं.

हे वाचताना तुमच्या मनात कुणाचं नाव आलं? आज त्या व्यक्तीबद्दल दुसऱ्या कुणाशी बोलण्याआधी तिलाच एक मेसेज करा: "भेटूया का?"

प्रार्थना: प्रभू येशू, मी भरकटले तेव्हा तू मला शोधत आलास. माझ्या भावाकडे जायला मला नम्रता आणि धैर्य दे. आमेन.