राजाच्या गळ्याखालचा हत्ती

सराफाच्या दुकानात ‘गिनी’ हा शब्द आपण सहज ऐकतो. तो आला कुठून, हे फारसं कुणी विचारत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला युरोपातले व्यापारी गिनी म्हणत. १६६३ साली इंग्लंडच्या टांकसाळीत दुसऱ्या चार्ल्स राजाचं नवं नाणं पडू लागलं: २२ कॅरट सोनं, वजन साधारण ८.४ ग्रॅम. त्यातलं काही सोनं त्या किनाऱ्यावरचं, म्हणून नाण्याचंही नाव गिनी पडलं.

यातल्या काही नाण्यांवर राजाच्या गळ्याखाली इवलासा हत्ती आहे. पुढे हत्तीच्या पाठीवर किल्लाही आला. सोनं पुरवणाऱ्या आफ्रिकन कंपनीचं हे चिन्ह. राजाचा भाऊ जेम्स तिचा प्रमुख होता. ही कंपनी सोन्यासोबत माणसंही विकत घ्यायची. १६७२ साली नवी सनद मिळाल्यावर ती रॉयल आफ्रिकन कंपनी झाली, आणि इतिहासकारांच्या अंदाजाने पुढच्या पन्नासेक वर्षांत तिने सुमारे दीड लाख माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली.

आज संग्राहक हा हत्ती भिंगाखाली शोधतात. तो दिसला की नाण्याची किंमत सहसा वाढते. मग प्रश्न पडतो : असं नाणं हौसेनं जवळ बाळगणं योग्य आहे का?

‘सोन्याला कसलं पाप? ते वितळवलं की नवं,’ असं कुणी म्हणेल. पण गंमत इथेच आहे. असंख्य गिन्या खरोखरच वितळवल्या गेल्या. ते सोनं आज कुणाच्या अंगठीत असेल, कुणाच्या तिजोरीत असेल. त्याला कुणी जाब विचारू शकत नाही. जाब विचारता येतो तो फक्त न वितळलेल्या नाण्याला. म्हणजे ज्यानं ते जपलं, त्यानं पुरावाही जपला. त्यामुळे संग्राहकाला सरसकट दोषी ठरवणं मला पटत नाही.

पण पुरावा जपणं वेगळं आणि तो वाचणं वेगळं. दुर्मिळ नाण्याबरोबर त्याची वंशावळ येते : आधी कुणाच्या संग्रहात होतं, कुठल्या लिलावात विकलं गेलं. ही वंशावळ पहिल्या श्रीमंत संग्राहकापासून सुरू होते. त्याआधीचा किनारा, जहाज, जहाजातली माणसं तिच्यात नसतात. झीज किती, झळाळी किती, याची बारीक नोंद असते.

‘मग सगळंच जुनं सोनं डागाळलेलं, कशाकशाचा विचार करायचा?’ हा आक्षेप रास्त आहे. हत्तीखालचं प्रत्येक गुंजभर सोनं माणसं विकून आलं, असंही म्हणता येत नाही. कंपनी मालाच्या बदल्यातही सोनं घ्यायची. पण इथे संशय घेण्याची गरजच नाही. कंपनीनं आपली सही स्वतःच, अभिमानानं, राजाच्या चेहऱ्याखाली केली आहे.

आपल्यासाठी एक सोपी कसोटी आहे. १७२९ सालच्या काही गिन्यांवर ‘ई.आय.सी.’ ही अक्षरं आहेत. ते सोनं ईस्ट इंडिया कंपनीनं पुरवलेलं. ही अक्षरं पाहून आपल्या मनात लगेच काहीतरी हलतं. हत्ती पाहून हललं नाही, तर आपला राग अन्यायावर होता की फक्त आपल्यावरच्या अन्यायावर?

माझं मत असं : नाणं जरूर घ्यावं, जपावं. त्याच्या देखणेपणावर खूशही व्हावं. पण मालकीसोबत एक काम येतं. कुणी कौतुकानं विचारलं, ‘हा हत्ती कसला?’, तर ‘दुर्मिळ आहे’ एवढ्यावर थांबू नये. पूर्ण उत्तर द्यावं, समोरच्याचा चेहरा थोडा उतरला तरी चालेल. हे उत्तर द्यायची ज्याची तयारी नाही, त्यानं साधी गिनी घ्यावी. ती स्वस्तही पडते.