ठेवून जा

‘कोणाचा तळतळाट घेऊ नये’ असे आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी मुलांना सांगत आली आहेत. या उपदेशात शाप लागण्याचे भय आहे; शाप देणाऱ्याची स्थिती काय होते, याचा विचार त्यात नाही. ज्याचे जिवलग माणूस गेले, ज्याचे अंतःकरण अहोरात्र जळत आहे, त्याच्या हाती शापाचे सामर्थ्य खरोखरीच आले, तर ते वापरण्याचा अधिकार त्यास पोहोचतो काय? दुःख कितीही मोठे असले, तरी त्याने दुसऱ्याच्या प्राणावर हक्क उत्पन्न होतो काय? नीतिशास्त्राचा अध्यापक या नात्याने हा प्रश्न मी वर्गात अनेकदा मांडला आहे. परंतु तो खऱ्या अर्थाने माझ्यापुढे उभा राहिला तो एका जपानी खेळामुळे, ही गोष्ट कबूल करताना मला किंचित संकोच वाटतो.

माझी धाकटी कन्या महाविद्यालयात शिकते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत ती रात्री दिवे मालवून संगणकासमोर बसे. हा कसला नाद, म्हणून रागे भरावयास मी एकदा गेलो, आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून तासभर बसून राहिलो. ‘पॅरानॉर्मासाइट : होंजोची सात रहस्ये’ हे त्या खेळाचे नाव. स्क्वेअर एनिक्स या जपानी संस्थेने तो मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि ताकानारी इशियामा हे त्याचे लेखक व दिग्दर्शक. यास खेळ म्हणावे की कादंबरी, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. चित्रे पुढे येतात, पात्रे बोलतात, आणि वाचक मधूनमधून पात्राच्या वतीने निर्णय करतो. एक कथेकरी आरंभीच थेट खेळणाऱ्याशी बोलू लागतो, त्यामुळे आपण नुसते प्रेक्षक आहो, ही सोयीस्कर समजूत पहिल्याच घटकेला ढळते.

कथा घडते ती तोक्यो शहराच्या सुमिदा भागात, शोवा युगाच्या उत्तरकाळी. या भागाचे एक जुने नाव होंजो. तेथील लोकांत ‘सात आश्चर्ये’ म्हणून काही भयकथा पूर्वापार सांगितल्या जातात. नावाला सात, पण मोजू गेल्यास नऊपर्यंत भरतात. वाटसरूच्या पुढे पुढे सरकणारा आणि कधीच हाती न लागणारा कंदील, दिवा नसलेले शेवयांचे दुकान, छत फोडून खाली येणारा व ‘धुवा’ म्हणून गर्जणारा प्रचंड पाय, असा त्यांचा मासला आहे. या खेळात अशा एकेका कथेतून एकेक शापशिळा निर्माण झाली आहे. ती ज्याच्या हाती येते, त्यास एका ठरावीक अटीवर माणूस मारता येतो. आणि अशा रीतीने मारलेल्यांच्या जिवाचा गाळ पुरेसा साचला, की एक विधी करून आपले एखादे मृत माणूस परत आणता येते.

या योजनेतील भयंकर चातुर्य वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. शिळा हाती असलेली माणसे दुष्ट नाहीत. पुत्राचे अपहरण होऊन ज्याचा प्राण घेतला गेला, अशी एक माता त्यांत आहे. शोगो नावाचा एक साधा तरुण आहे. त्याच्याबरोबर रात्री उद्यानात आलेली योको त्याच्या डोळ्यांदेखत मरते. या लोकांना द्रव्य नको, राज्य नको. एक माणूस परत हवे, इतकेच. आणि तेवढ्यासाठी त्या रात्री एकेकजण दुसऱ्याकडे, शिकारी सावजाकडे पाहतो तसा, पाहू लागतो.

शोगोच्या शिळेची अट अशी की, त्याला सोडून जो जाऊ लागेल, त्यास मारता यावे. माझ्या कन्येसमोर एक माणूस असाच पाठ फिरवून निघाला. तिचे बोट कळीवर क्षणभर थांबले, आणि तिने ती दाबली. मी विचारले, “हे कशाला केलेस?” ती म्हणाली, “बाबा, मी केले नसते तर त्याने केले असते.” सतराव्या शतकातील इंग्लिश तत्त्वज्ञ हॉब्ज याने मनुष्यांच्या कलहाची जी तीन कारणे सांगितली, त्यांपैकी अविश्वास हे एक. ते समजावून देण्यास मला वर्गात दोन तास लागत; माझ्या मुलीने ते एका वाक्यात सांगितले. प्रत्येकाजवळ अदृश्य शस्त्र आहे, त्याची अट कोणासच ठाऊक नाही, अशा स्थितीत भला मनुष्यही आधी हात उचलतो आणि त्यास आत्मरक्षण म्हणतो.

परंतु आत्मरक्षणाची सबब दुय्यम होय. मुख्य सबब प्रेमाची आहे, आणि तिची परीक्षा अधिक कसोशीने केली पाहिजे. ती परीक्षा करण्यास महाभारताच्या आदिपर्वातील रुरूची कथा मला फार उपयोगी वाटते. रुरूची वाग्दत्त वधू प्रमद्वरा विवाहापूर्वीच सर्पदंशाने मरण पावली. तो अरण्यात जाऊन विलाप करू लागला, तेव्हा देवदूताने त्यास सांगितले की, तू आपले अर्धे आयुष्य दिलेस तर ती उठेल. रुरूने ते तत्काळ दिले, आणि प्रमद्वरा झोपेतून उठावी तशी उठली. येथवर ही कथा त्या शिळांना परस्पर उत्तर देते. पुनरुज्जीवनाची किंमत दोन्हीकडे प्राण हीच आहे. पण रुरू ती आपल्या गाठोड्यातून देतो, आणि शिळाधारी ती शेजाऱ्याच्या गाठोड्यातून काढू पाहतो.

तथापि कथा येथे संपत नाही. प्रिया परत मिळाली, विवाह झाला, सर्व काही मनासारखे झाले. तरीही रुरूने दिसेल तो सर्प मारण्याचे व्रत घेतले! हातात दंड घेऊन तो वनात फिरे. एकदा त्याने डुंडुभ जातीच्या एका वृद्ध, निरुपद्रवी सापावर दंड उगारला, तेव्हा त्या सापाने विचारले की, मी तुझा काय अपराध केला? तो साप म्हणजे पूर्वीचा एक ऋषी. त्याने गवताचा साप करून थट्टेने मित्रास भिवविले, म्हणून मित्राने त्यास शाप दिला, आणि रुरूची भेट हाच त्याचा उःशाप होता. त्याने रुरूस अहिंसेचा उपदेश केला व तो मुक्त झाला.

या उत्तरार्धाकडे आपले दुर्लक्ष होते. वस्तुतः मर्म तेथेच आहे. रुरूला जे हवे होते ते मिळाले होते. मग तो सर्प का मारीत होता? प्रियेसाठी, असे तर म्हणता येत नाही. याचा अर्थ असा की, शोकाबरोबर एक दुसरी वस्तू अंतःकरणात शिरते आणि शोक फिटला तरी ती राहते. तिचे नाव सूड. शापशिळेची खरी लबाडी ही की, ती मनुष्यास सुडाला प्रेम म्हणण्याची मुभा देते. ‘मी मारीत नाही, मी माझे माणूस परत आणीत आहे,’ असे तिचा धारक आपल्या मनाशी म्हणू शकतो.

मी हे पुस्तकी ज्ञानाने लिहीत नाही. तीस वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ सायकलवरून घरी येत असता एका मोटारीखाली सापडून गेला. चालविणाऱ्यावर खटला झाला, पुरावा अपुरा ठरला, आणि तो सुटला. पुढे वर्षभराने मी त्यास मंडईत पाहिले. लहान मुलीचा हात धरून तो भाजी घेत होता. त्याने मला ओळखले असावे, कारण पिशवी उचलून, पाठ फिरवून तो लगबगीने चालू लागला. त्या क्षणी माझ्या खिशात शोगोची शिळा असती, तर अट पुरी झाली होती! मी काय केले असते, याचे उत्तर मला ठाऊक आहे. आणि ते मी आजवर घरात कोणासही सांगितले नव्हते. भावासाठी केले, असेच मी म्हटले असते. परंतु खरे सांगावयाचे तर त्या क्षणी मला भावाचा चेहरा आठवला नव्हता. मला दिसत होती ती फक्त दूर जाणारी एक पाठ.

म्हणजे न्याय मागूच नये, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. न्याय चारचौघांसमोर मागता येतो. त्याची कारणे सांगावी लागतात, आणि दुसऱ्या बाजूस बोलू द्यावे लागते. शिळेस यांतील काहीच नको. आपल्या पुराणांतील शापसुद्धा तिच्याहून बरा म्हणावा लागेल. तो उघड उच्चारला जाई, बहुधा त्यास काही कारण असे, आणि शकुंतलेच्या अंगठीप्रमाणे उःशापाची एखादी फट त्यात पुष्कळदा राहत असे. क्रोध शमला असता शब्द मागे घेण्याची ही वाट ज्यांनी ठेविली, त्यांना मनुष्याचे मन चांगले कळले होते. शिळेच्या शापास उःशाप नाही. अट पुरी झाली आणि धारकाने मनात आणले, की समोरचा मेलाच.

आता ज्या लोककथेवरून शोगोची शिळा कल्पिली, ती मूळ कथा पाहावी. होंजोतील एका कालव्यावर मासे पुष्कळ मिळत. टोपली भरून कोळी संध्याकाळी घरी निघाला, की पाण्यातून आवाज येई, ‘ठेवून जा! ठेवून जा!’ तो न ऐकता जो पुढे जाई, त्यास घरी टोपली रिकामी आढळे. या आवाजाने धरून ठेवावयाचे ते मासे होते. माणसास जाण्याची मोकळीक होती. खेळातील शिळेने हे उलटे केले. तेथे माणसानेच जाऊ नये. गेला तर मेला. जाणाऱ्यास जाऊ न देणे, हीच तर शोकाची पहिली वृत्ती असते. गेलेल्यास जाऊ द्यावयाचे नाही, म्हणून जाऊ पाहणाऱ्या इतरांचाही मार्ग अडवावयाचा!

आणि हे होंजो तरी कसले स्थळ? १६५७ च्या महाअग्नीत मेलेल्या असंख्य बेवारस प्रेतांसाठी तेथे एकोइन हे मंदिर स्थापन झाले. १९२३ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस भूकंपानंतर लोक तेथील लष्करी कपड्यांच्या कोठाराच्या मोकळ्या पटांगणात आश्रयास जमले, आणि आगीच्या वावटळीत त्या एका जागी सुमारे ३८ हजार माणसे जळाली. १९४५ च्या मार्चमध्ये एका रात्रीच्या बाँबवर्षावात या व आसपासच्या भागांतील सुमारे १ लाख माणसे गेली. मृत्यूने जिवंतांस हक्क प्राप्त होत असता, तर त्या भूमीतील प्रत्येक खडा शापशिळा झाला असता. तेथील लोकांनी काय केले? त्याच पटांगणाच्या जागी १९३० मध्ये उभारलेल्या स्मारकमंदिरात त्यांनी दोन्ही आपत्तींतील अस्थी एकत्र ठेविल्या, आणि त्या दोन तिथींस प्रतिवर्षी तेथे प्रार्थना होते. मृतांस परत आणण्याचा तो विधी नाही. त्यांना ठेवून, पण न विसरता, घरी जाण्याचा आहे.

त्या रात्री मी मुलीस मंडईतील हकीकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने खेळ मागे नेऊन तोच प्रसंग पुन्हा उघडला. तो माणूस पुन्हा पाठ फिरवून निघाला. या वेळी तिने दोन्ही हात मांडीवर ठेविले, आणि आम्ही दोघांनी त्यास जाताना पाहिले.