अर्धी गोळी

अपस्मार, म्हणजे आपल्या बोलीतील फेफरे किंवा फिट येणे, हा रोग जितका जुना, तितकेच त्याविषयीचे मौनही जुने. शुभवर्तमानात एक बाप आपल्या मुलाला घेऊन येशूपुढे येतो. मुलगा कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. त्या बापाची अगतिकता आजही आपल्या घरांत आहे. फरक एवढाच, की आजच्या बापाला औषध ठाऊक आहे. १९१२ साली आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टरने फेनोबार्बिटोनचा गुण ओळखला, १९३८ साली फेनिटॉइन आले. आणि योग्य उपचार मिळाल्यास शंभरांतील सुमारे सत्तर रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रश्न उरतो तो गोळी विकत घेण्याचा, आणि तोही वर्षानुवर्षे.

येथे आम्ही एक नैतिक प्रश्न वाचकांपुढे ठेवू इच्छितो. समजा, एका घरात आई रुग्ण आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी सांगितलेली. जून महिना उजाडतो. मुलांची फी, वह्या, दप्तर, छत्री. ती कोणाला न सांगता संध्याकाळची गोळी बंद करते. पाकीट दुप्पट दिवस पुरते. तिला ते पाप वाटत नाही. उलट, तो त्याग वाटतो. आणि प्रायश्चित्तकाळातील प्रवचनांतून त्यागाची थोरवी तिने लहानपणापासून ऐकलेली असते! मग तिचे चुकते कोठे?

अपस्माराचे औषध एकाएकी कमी वा बंद केल्यास पूर्वीपेक्षा जोराचे झटके येऊ शकतात. कधी एकामागून एक असे, की मध्ये शुद्धच येत नाही, आणि त्यात प्राणही जातो. चुलीशी बसलेली असताना किंवा विहिरीवर पाणी शेंदताना झटका आला तर काय होईल, हे सांगावयास नको. ती वाचवते ते चार पैसे, आणि पणाला लावते ती मुलांची आई. तरीही दोष तिचा, असे आम्ही म्हणणार नाही. त्याग तोच, जो माणूस मोकळ्या मनाने निवडतो. जिच्यापुढे दुसरी वाटच ठेवलेली नाही, तिच्या सोसण्याला त्याग म्हणून गौरवणे ही इतरांची सोय झाली.

विम्याचे काय, असे कोणी विचारील. अनेक घरांत तो नाहीच. आणि असला, तरी प्रायः रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्यावरच तो जागा होतो. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु तेही मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी. परिणाम असा विचित्र, की रोजच्या गोळीला छदाम नाही, आणि ती चुकल्यामुळे अतिदक्षता विभागात पडलेल्या रुग्णाचे बिल मात्र भरले जाऊ शकते! जनऔषधी केंद्रांत गोळ्या स्वस्त मिळतात, सरकारी दवाखान्यांत काही मोफतही. तथापि बुडालेला रोज, रिक्षाचे भाडे, रांग आणि ‘आज साठा संपला’ हे उत्तर, यांचीही किंमत धरावी लागते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच मांडले, की आपल्यापाशी गरजेहून अधिक जे आहे, ते निसर्गनियमानेच गरिबांच्या निर्वाहाचे देणे लागते. पोप तेविसावे जॉन यांच्या १९६३ च्या विश्वपत्रात वैद्यकीय उपचार हा माणसाच्या हक्कांत गणला आहे. हे मान्य केले, तर त्या आईला गोळी देणे ही दया उरत नाही. ती परतफेड ठरते.

परंतु हक्क मागण्यासाठीही तोंड उघडावे लागते, आणि येथेच घोडे अडते. घरात लग्नाची मुलगी असली की रोगाचे नाव ओठांवर येत नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे कार्यकर्ते गुप्तपणे मदत करतात खरे, तरी अर्ज करावयाचा म्हणजे कोणाला तरी सांगणे आलेच. आम्हांस वाटते, धर्मग्रामाने गावातील औषधविक्रेत्याकडे एक खाते ठेवावे. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी, गोळ्या न्याव्यात, नाव त्याच्यापाशीच राहावे. कोणी गैरफायदा घेईल, ही शंका निघेलच. घेवोत एखाददुसरे. एका घराच्या वर्षभराच्या गोळ्यांसाठी सणाच्या रोषणाईतील किती माळा कमी कराव्या लागतील, हा हिशेब अर्थसमितीने यंदा मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मांडावा.