कूलरचं घर

बर्डीवर, किल्ल्याच्या टेकडीअलीकडच्या एका गल्लीत दोन घरं पाठीला पाठ करून उभी होती. मधे मोकळी पट्टी. नकाशात तिला सामासिक अंतर म्हणत. घरातली माणसं तिला वाया गेलेली जागा म्हणत.

एका घरात कापडाचे व्यापारी राहत. पावसाळ्यात चार कूलर ठेवायचे कुठे, हा त्यांचा दरसालचा घोर. (नागपूरकराला तो समजावून सांगावा लागत नाही.) दिवाळी झाली आणि त्यांनी वेल्डर बोलावून थेट कुंपणभिंतीला टेकवून टिनाचं शेड ठोकलं.

मागचे निवृत्त ओव्हरसियर भिंतीवरून डोकावले. "भाऊ, परवानगी काढली?"

"टिनाच्या शेडले कायची परवानगी, काकाजी? चार बोल्ट खोलले की संपलं!"

"१९६६ च्या नगररचना कायद्यात तात्पुरत्या बांधकामासाठी ५५ वं कलम आहे. त्याला बोल्टाशी देणंघेणं नाही. २०२० ची नियमावलीही ही जागा आभाळाखाली मोकळी ठेवा म्हणते."

"जागा तर माझीच आहे ना?"

"तुमचीच. पण तिच्यातून हवा माझ्याही खिडकीत येते."

व्यापारी हसले.

एप्रिलमध्ये कूलर खिडकीला लागला. खिडकी आता शेडात उघडत होती. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो, म्हणून गारवा येतो. इथे तो स्वतःचीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढू लागला. चादरी चिकट, डब्यातल्या मिठाचे गोळे, आणि गारव्याचा पत्ता नाही. तोही अशा शहरात, जिथे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. व्यापाऱ्यांनी पंप बदलला, ताट्या बदलल्या, नशिबाला शिव्याही घातल्या. शेवटी मेकॅनिक म्हणाला, "कूलर ठणठणीत आहे, भाऊ. पण इथं बाहेर आहे कुठं?"

त्याच संध्याकाळी ते काकाजींकडे गेले. तिथेही तीच घुसमट. म्हातारी काकू पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली. टेबलावर महापालिकेच्या नावाचा अर्ज पडला होता, सही न केलेला.

"टाकला का नाही?"

"शेजाऱ्याविरुद्ध सही करायला हात होईना."

दुसऱ्या दिवशी बोल्ट खोलले. शिडी काकाजींनी धरली. टिन गच्चीवर न्यावं का, असं व्यापाऱ्यांनी विचारताच ते म्हणाले, "आधी विचारून या."

यंदा चारही कूलर पुढच्या व्हरांड्यात, निळ्या ताडपत्रीखाली आहेत.