निवळलं म्हणजे झालं?

आमचा भाचा अमेरिकेत घरी बिअर करतो. तिथं १९७८च्या कायद्यानं घरगुती बिअरला मुभा मिळाली. आपल्याकडे तोच उद्योग दारूबंदी कायद्याखाली गुन्हा ठरतो. व्हिडिओ कॉलवर त्यानं ग्लास उजेडात धरून दाखवला. बिअर गढूळ होती आणि त्याचा चेहरा पडला होता. आर्णीच्या मामींनी लगेच उपाय सांगितला, "तुरटी फिरव न त्यात, सारा गाळ बसते खाली." मंडळी हसली, पण मला प्रश्न पडला तो वेगळाच. गढूळ दिसलं की निवळायचंच, ही एवढी घाई आपल्याला कशासाठी?

तुरटीचं काम यवतमाळात कुणाला समजावून सांगायला नको. पावसाळ्यात निळोणा, चापडोह धरणांचं गढूळ पाणी पाहिलेल्यांना ते पाठ आहे. मातीचे बारीक कण ऋण भाराचे. ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम तो भार मोडतं, कण एकत्र येतात, जड होतात, बसतात. बिअरमध्ये तुरटी घालत नाहीत, तिथं जिलेटिन घालतात. पण यीस्टच्या पेशीही ऋण भाराच्याच आणि जिलेटिन धन भाराचं. म्हणजे मामींचं औषध चुकलं, निदान बरोबर होतं.

तरीही मी मनाशी एक भेद पक्का करत गेलो. डोळ्यांना दिसतो तो गढूळपणा आणि अंगाला बाधतो तो दोष, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बिअरमधला धुरकटपणा यीस्टचा, नाहीतर धान्यातली प्रथिनं आणि टॅनिन एकत्र आल्याचा. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. बव्हेरियात गव्हाची बिअर तळच्या यीस्टसकट ओततात. सोनेरी, आरपार दिसणाऱ्या बिअरचा दिमाख १८४२ साली प्लझेन शहरात सुरू झाला आणि काचेच्या ग्लासांनी तो वाढवला. उलट मिथेनॉल पाण्यासारखं नितळ असतं. २०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला दारूतून त्यानं शंभरावर माणसं मारली. आणि आपल्या केळापूर, झरी जामणी भागातल्या कित्येक बोअरचं पाणी पाहा. भांड्याचा तळ स्वच्छ दिसावा असं, पण त्यात फ्लोराइड. मुलांच्या दातांवर पट्टे उमटतात, मोठ्यांची हाडं वाकतात. लिटरला एक मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल तर दीड. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं.

एवढं पाहिल्यावर निवळणं ही निव्वळ डोळ्यांची समजूत वाटू लागते. माझा एक मित्र तर इथंच थांबतो. गाळलं की सत्त्व गेलं, गढूळ तेच अस्सल, असं त्याचं म्हणणं. ताक, अंबील, घाण्याचं तेल, उसाचा रस यांबाबत मी त्याच्या बाजूनं उभा राहीन. पण नदीच्या पाण्याला हा नियम लावला तर माणसं आजारी पडतील. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात आणि ब्लिचिंग पावडर गाळावरच खर्ची पडते. म्हणून आधी निवळायचं, मग क्लोरीन द्यायचं. इथं मित्राचा अस्सलपणा उपयोगाचा नाही.

निवळीच्या झाडाची आठवण इथं काढलीच पाहिजे, कारण ती पुसत चालली आहे. निवळीचं बी मडक्याच्या आतल्या अंगाला घासायचं आणि पाणी स्थिर ठेवायचं, ही आपली जुनी रीत. सुश्रुतानं पाणी निवळण्याची सात साधनं सांगितली, त्यांत हे बी आहे. वनस्पतिशास्त्रात निवळी आणि विषारी काजरा एकाच कुळातली, एकाच प्रजातीसमूहातली सख्खी भावंडं. एक पाणी निवळतं, दुसऱ्याच्या बियांतून स्ट्रिक्निन निघतं. ज्यांनी या दोन झाडांत फरक करायला शिकून घेतलं, ते नुसत्या दिसण्यावर विसंबणारे लोक नव्हते.

आणि माझ्या भेदाला खरा धक्का दिला तो त्याच तुरटीनं. नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेनं १९७०च्या दशकात फ्लोराइड काढायची 'नलगोंडा पद्धत' बसवली. तिच्यात चुना, ब्लिचिंग पावडर आणि तुरटी असते. पाणी ढवळायचं, थांबायचं, गाळासोबत फ्लोराइडही बरंचसं खाली जातं. म्हणजे दिसणारा दोष काढणारी वस्तू न दिसणाराही काढते. अट एकच, मोजमापाची. अंदाजानं फिरवलेला खडा माती बसवतो, फ्लोराइड नाही; त्याला कितीतरी जास्त तुरटी लागते, आणि ती किती हे पाणी तपासल्याशिवाय ठरत नाही. जास्त झाली तर अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उरतं. निवळणं खोटं नव्हतं. तिथंच थांबणं घातक होतं.

म्हणून सांगणं एवढंच. तुरटी फिरवा, पण डोळ्यांच्या साक्षीवर निकाल देऊ नका. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या कोण, हे ग्रामसभेत विचारा. उन्हाळ्याआधी प्रत्येक बोअरचा फ्लोराइडचा आकडा काढून घ्या आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहायला लावा.